नूतनीकरण : एका शब्दाचे मोल

घर भाड्याने देण्याघेण्याचा व्यवहार हा साहित्याच्या अभ्यासकाचा विषय नव्हे, असे सामान्यतः मानले जाते. परंतु ज्या व्यवहारात एका कुटुंबाचे राहते छप्पर दुसऱ्याने लिहिलेल्या चार ओळींवर अवलंबून असते, तो व्यवहार कायद्याचा आणि पैशाचा असतो तितकाच भाषेचाही असतो. प्रस्तुत लेखात इंग्लंडमधील भाडेकरारांतील एका शब्दाचा विचार करावयाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘रिन्यूअल’, अर्थात नूतनीकरण. कराराची मुदत संपत आली की घरभाड्याचे एजंट भाडेकरूला नूतनीकरणाचे पत्र पाठवीत आणि त्यासाठी शुल्क आकारीत. वस्तुतः मुदत संपल्यावर भाडेकरूने त्याच घरात राहत राहणे ही गोष्ट कायद्याने आपोआप आणि विनामूल्य घडणारी होती. तरीही भाडेकरू पैसे भरीत राहिले. काहींना कायदा ठाऊक नव्हता म्हणून त्यांनी भरले. काहींनी तो ठाऊक असूनही भरले. या दुसऱ्या प्रकारच्या भाडेकरूने पैसे का भरावेत, हा या लेखाचा प्रश्न आहे.

१

हा प्रश्न मला प्रथम पडला तो ग्रंथालयात नव्हे. २०१० साली उत्तर इंग्लंडमधील एका विद्यापीठाच्या गावी मी प्रबंधाचे काम करीत होतो. दोन खोल्यांचे एक जुने विटांचे घर आम्ही तिघांनी मिळून घेतले होते : मी, सोलापूरकडचा एक अभियंता आणि त्याची पत्नी. करार बारा महिन्यांचा होता. मुदत संपण्यास दोन महिने उरले असता एजंटच्या कचेरीतून एक पत्र आले. पत्राखाली दोन चौकटी होत्या. एकीत लिहिले होते, आम्ही कराराचे नूतनीकरण करू इच्छितो. दुसरीत लिहिले होते, आम्ही मुदत संपताच घर खाली करू. पहिल्या चौकटीत खूण केल्यास सव्वाशे पौंड शुल्क भरावयाचे होते.

विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाच्या सल्लाकेंद्रात मी ते पत्र घेऊन गेलो. तेथील बाईंनी ते वाचले आणि शांतपणे सांगितले, की येथे तिसरी चौकट असावयास हवी होती. काहीही न करता, कशावरही सही न करता आहे त्याच घरात राहण्याचा अधिकार तुम्हांला आहे. भाडे वेळेवर देत राहा. करार महिन्यामहिन्याने आपोआप चालू राहील. मग क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, “मात्र तसे केलेत तर घरमालक तुम्हांला केव्हाही दोन महिन्यांची नोटीस देऊ शकेल, हेही लक्षात ठेवा.”

घरी येऊन आम्ही तिघे स्वयंपाकघरातील टेबलाभोवती बसलो. अभियंत्याची पत्नी तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती. तिने एवढेच विचारले, की दोन महिन्यांची नोटीस नोव्हेंबरात आली तर? त्या प्रश्नानंतर चर्चा उरली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सव्वाशे पौंड भरले. कायदा आम्हांला कळला होता. तो कळल्यामुळेच आम्ही पैसे भरले, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

२

या प्रसंगामागील कायदा थोडक्यात समजून घेतला पाहिजे.

इंग्लंडमध्ये १५ जानेवारी १९८९ पूर्वी सुरू झालेल्या बहुतेक खाजगी भाडेदाऱ्यांना १९७७ च्या रेंट ॲक्टचे संरक्षण होते. त्या व्यवस्थेत भाडे किती असावे हे सरकारी भाडेअधिकारी ठरवू शके आणि कायद्यात सांगितलेल्या कारणांवाचून भाडेकरूला घराबाहेर काढता येत नसे. १९८८ च्या हाउसिंग ॲक्टने नव्या भाडेदाऱ्यांपुरती ही व्यवस्था मोडली. भाडे बाजारावर सोपविण्यात आले आणि ‘अ‍ॅश्युअर्ड शॉर्टहोल्ड टेनन्सी’ नावाचा भाडेदारीचा एक नवा प्रकार अस्तित्वात आला. या नावातील पहिल्या शब्दाचा अर्थ ‘हमी दिलेली’ असा होतो. प्रत्यक्षात खाजगी भाडेकरूला सर्वांत कमी हमी देणारा हाच प्रकार ठरला. प्रारंभी असा करार करण्यापूर्वी घरमालकाने भाडेकरूला विशिष्ट नमुन्यात तशी पूर्वसूचना देणे आवश्यक होते. १९९६ च्या हाउसिंग ॲक्टने तीही अट काढून टाकली आणि २८ फेब्रुवारी १९९७ पासून, वेगळे काही ठरविले नसेल तर, प्रत्येक नवी खाजगी भाडेदारी याच प्रकारची समजली जाऊ लागली.

१९८८ च्या कायद्यातील दोन कलमे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. कलम ५ असे सांगते, की ठरावीक मुदतीचा करार संपला आणि भाडेकरू घरातच राहत असला, तर त्याच अटींवर एक नवी नियतकालिक भाडेदारी कायद्यानेच निर्माण होते. भाडे महिन्याने दिले जात असेल तर ती महिन्यामहिन्याची होते. त्यासाठी सही लागत नाही, कागद लागत नाही, शुल्क तर नाहीच. सल्लाकेंद्रातील बाईंची तिसरी चौकट ती हीच.

दुसरे कलम २१. त्यानुसार घरमालकाला कोणतेही कारण न देता किमान दोन महिन्यांची नोटीस देऊन घराचा ताबा मागता येई. भाडेकरूने भाडे थकविले नसले, घराची नासधूस केली नसली, शेजाऱ्यांशी भांडण केले नसले, तरी त्याचा उपयोग नसे. इंग्रजीत अशा नोटिशीला ‘नो फॉल्ट’ म्हणण्याचा प्रघात पडला. मराठीत आपण ‘विनाकारण’ म्हणू. पण कारण असतेच, ते सांगावे लागत नाही एवढेच. म्हणून ‘कारण न देता’ हेच भाषांतर बरोबर होय. या अधिकाराला एक मर्यादा होती. ठरावीक मुदत चालू असेतो, करारात मध्येच तो संपविण्याची सोय ठेवली नसेल तर, कलम २१ खाली ताबा मिळत नसे.

आता दोन्ही कलमे एकापुढे एक ठेवून वाचली म्हणजे भाडेकरूची कोंडी स्पष्ट होते. त्याने काहीच केले नाही तर कलम ५ त्याला फुकट घरात ठेवी, पण त्याच क्षणापासून कलम २१ ची तलवार त्याच्या डोक्यावर टांगली जाई. त्याने पैसे भरून नवी मुदत घेतली तर तेवढ्या मुदतीपुरती ती तलवार दूर होई. म्हणजे एका बाजूस विनामूल्य अस्थैर्य आणि दुसऱ्या बाजूस विकत घेतलेले स्थैर्य, अशी निवड त्याच्यापुढे होती. एजंट शुल्क घेई ते कागदपत्रांच्या नावाने. कागदपत्र म्हणजे बहुधा जुन्या करारावर नवी तारीख घातलेली प्रत. भाडेकरू शुल्क देई ते मात्र बारा महिन्यांच्या निर्धास्त झोपेसाठी. विकणारा एक वस्तू विकत होता आणि घेणारा दुसरीच विकत घेत होता. दोन्ही वस्तूंना मिळून शब्द एकच होता, नूतनीकरण.

येथे हेही नमूद केले पाहिजे, की नोटीस म्हणजे बेघर होणे नव्हे. नोटिशीची मुदत संपली तरी भाडेदारी संपत नाही. घरमालकाला न्यायालयाकडून ताब्याचा आदेश मिळवावा लागतो आणि त्यानंतरही भाडेकरू निघाला नाही तर न्यायालयाचे बेलिफच त्याला बाहेर काढू शकतात. न्यायालयाला वगळून कुलूप बदलणे अथवा सामान रस्त्यावर टाकणे हा १९७७ च्या प्रोटेक्शन फ्रॉम एव्हिक्शन ॲक्टखाली गुन्हा आहे. परंतु कलम २१ खालील अर्ज बहुधा कागदांवरच निकाली निघत; कागद बिनचूक असले तर न्यायाधीशाला आदेश नाकारता येत नसे. म्हणून नोटीस हातात पडताच बहुसंख्य भाडेकरू न्यायालयाची वाट न पाहता दुसरे घर शोधू लागत.

३

आता एजंटच्या भूमिकेकडे वळावयास हरकत नाही. घरमालक आणि भाडेकरू यांच्यामध्ये उभा असणारा हा तिसरा माणूस इंग्रजी साहित्याला अपरिचित नाही. चार्ल्स डिकन्सच्या ‘लिटल डॉरिट’ (१८५५-५७) या कादंबरीत पँक्स नावाचा भाडेवसुली करणारा माणूस आहे. गरीब वस्तीत तो दारोदार फिरतो, लोकांना पिळतो आणि त्यांचे शिव्याशाप झेलतो. घरमालक कॅस्बी मात्र पांढऱ्याशुभ्र लांब केसांचा, प्रसन्न मुद्रेचा आणि साऱ्या वस्तीला सज्जन वाटणारा वृद्ध गृहस्थ आहे. पँक्सला पिळण्यास भाग पाडणारा तोच, हे वस्तीला ठाऊक नसते. अखेर पँक्स भर वस्तीत कॅस्बीचे ते पूजनीय केस कातरतो आणि सत्य उघड करतो. बर्नार्ड शॉने ‘विडोअर्स हाउसेस’ (१८९२) या आपल्या पहिल्या नाटकात हीच रचना घेतली आणि तिला एक पाऊल पुढे नेले. तेथील भाडेवसुली करणारा लिकचीज नोकरीवरून काढला जातो तेव्हा आपण त्याच्या बाजूचे होतो; पण पुढे तोच घरांच्या व्यवहारात श्रीमंत होऊन परत येतो. मध्यस्थ हा नेहमी मालकाचा मुखवटाच असतो असे नाही, त्याला स्वतःचा स्वार्थही असतो, हे शॉने ओळखले होते.

नूतनीकरणाच्या शुल्कात हा दुसरा प्रकार स्पष्ट दिसतो. एजंट पुष्कळदा एकाच नूतनीकरणासाठी भाडेकरूकडून शुल्क घेई आणि घरमालकाकडूनही दलाली घेई. भाडेदारी कलम ५ प्रमाणे आपोआप चालू राहिली तर नव्या कागदपत्रांच्या नावाने भाडेकरूकडे मागण्यासारखे काही उरत नसे. साहजिकच नव्या मुदतीचा आग्रह हा दर वेळी घरमालकाचाच असे, असे मानण्याचे कारण नव्हते. घरमालकांकडून घेतल्या जाणाऱ्या या दलालीचा प्रश्न २००९ साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे आला. ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या सरकारी संस्थेने फॉक्सटन्स या एजन्सीविरुद्ध दावा लावला होता. भाडेकरू घरात राहत गेला म्हणून, एजंटने नवे काही काम केलेले नसतानाही, वर्षानुवर्षे दलाली मागणारी करारातील कलमे ग्राहकाला पुरेशी स्पष्ट करून सांगितलेली नव्हती आणि ती अन्याय्य होती, असा निर्णय न्यायालयाने जुलै २००९ मध्ये दिला. म्हणजे ‘नूतनीकरण’ या शब्दाखाली न केलेल्या कामाचा मोबदला मागितला जात होता, ही गोष्ट घरमालकांच्या बाबतीत न्यायालयाने आधी ओळखली. भाडेकरूंना त्यासाठी आणखी दहा वर्षे थांबावे लागले.

पँक्सच्या वस्तीला जे ठाऊक नव्हते ते जाणून घेण्याचा हक्क आजच्या भाडेकरूला आहे. १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या पहिल्या कलमानुसार भाडेकरूने भाडे वसूल करणाऱ्याकडे अथवा एजंटकडे लेखी मागणी केल्यास त्याला घरमालकाचे नाव आणि पत्ता २१ दिवसांत द्यावा लागतो. योग्य कारणावाचून तो न देणे हा गुन्हा आहे. या तरतुदीचे महत्त्व वरकरणी दिसते त्याहून मोठे आहे. ‘सही केली नाहीत तर मालक नोटीस देतील’ हे वाक्य एजंटच्या तोंडी असे. ते मालकाचे आहे की एजंटचे, हे मालकाला विचारल्यावाचून कळत नाही. वेळेवर भाडे देणारा भाडेकरू घालवून महिना दोन महिने घर रिकामे ठेवणे कोणत्या मालकाला परवडेल? अनेक भाडेकरूंनी सरळ मालकाला पत्र लिहिले असते, तर निम्मी भीती तेथेच संपली असती असे मला वाटते. आम्ही ते पत्र लिहिले नाही, हेही येथे कबूल केले पाहिजे.

४

भाडेकरूकडून असे शुल्क घेण्यास स्कॉटलंडमध्ये फार पूर्वीपासून मनाई होती. १९८४ च्या रेंट (स्कॉटलंड) ॲक्टनुसार भाडे आणि अनामत यांखेरीज भाडेदारी देण्यासाठी, तिचे नूतनीकरण करण्यासाठी वा ती चालू ठेवण्यासाठी काहीही मागणे बेकायदेशीर होते. तरीही एजंट निरनिराळ्या नावांनी पैसे घेत राहिले, तेव्हा ३० नोव्हेंबर २०१२ पासून तेथील सरकारला ‘काहीही’ म्हणजे खरोखरच काहीही, असा खुलासा कायद्यात करावा लागला. कायद्याच्या एका शब्दाला वाट फुटली की व्यवहार त्या वाटेने वाहू लागतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

इंग्लंडने हा मार्ग उशिरा धरला. नोव्हेंबर २०१६ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी मनाईची घोषणा केली आणि टेनंट फीज ॲक्ट २०१९ हा कायदा १ जून २०१९ पासून नव्या करारांना, तर १ जून २०२० पासून जुन्यांनाही लागू झाला. या कायद्याची रचना लक्षणीय आहे. कोणती शुल्के निषिद्ध आहेत याची यादी तो देत नाही. कोणती रक्कम घेता येईल एवढेच सांगतो, आणि बाकी सर्व निषिद्ध ठरवितो. भाडे घेता येते. अनामत घेता येते, पण वार्षिक भाडे ५०,००० पौंडांहून कमी असेल तर ती पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक असता कामा नये. घर राखून ठेवण्यासाठी फार तर एका आठवड्याचे भाडे घेता येते. भाडेकरूच्या विनंतीवरून करारात बदल केल्यास सामान्यतः ५० पौंडांपर्यंत आकार लावता येतो. नूतनीकरण या यादीत नाही. म्हणून ते निषिद्ध. पहिल्या उल्लंघनास ५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. स्कॉटलंडच्या अनुभवावरून इंग्लंडच्या कायदेकारांनी घेतलेला हा धडाच म्हणावयाचा. ज्याची यादी करता येते त्याला नवे नाव देऊन यादीतून निसटता येते. परवानगीच मोजकी ठेवली की निसटण्यास जागा राहत नाही.

याच कायद्याच्या कलम १७ मध्ये आणखी एक तरतूद होती. भाडेकरूकडून निषिद्ध रक्कम घेतली असेल आणि ती परत केली नसेल, तर त्या घरमालकाला कलम २१ ची नोटीस देता येत नसे. शुल्क आणि भीती यांचे नाते कायद्याने येथे प्रथमच लेखी मान्य केले. ज्या नोटिशीच्या भयाने पैसे घेतले जात होते, ती नोटीसच घेतलेल्या पैशांपायी निरर्थक ठरू लागली.

५

तथापि, शुल्क गेले म्हणून भीती गेली नाही. कलम २१ कायम होते. भाडेकरूला नव्या मुदतीचे पत्र येतच राहिले. फरक एवढाच, की त्यावर शुल्काऐवजी वाढीव भाड्याचा आकडा असे. पूर्वी सव्वाशे पौंड एकदाच द्यावे लागत. आता ‘दरमहा पन्नास पौंड अधिक, नाहीतर नोटीस’ असे कुणी म्हटले, तर वर्षाकाठी सहाशे पौंड होत आणि ते पूर्णतः कायदेशीर असत. स्थैर्याची किंमत ‘शुल्क’ या नावाने घेण्यास बंदी झाली होती. ‘भाडे’ या नावाने ती घेण्यास नव्हती. केवळ शुल्कबंदीला भाडेकरूंचा विजय मानणाऱ्यांच्या नजरेतून ही गोष्ट निसटली असे म्हणावे लागेल.

म्हणून खरा प्रश्न मुदतीचा होता. स्कॉटलंडने १ डिसेंबर २०१७ पासून नव्या खाजगी भाडेदारीतील ठरावीक मुदतच काढून टाकली आणि कारणावाचून ताबा मागण्याचा मार्ग बंद केला. वेल्समध्ये १ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने तर ‘टेनंट’ या शब्दाऐवजी ‘करारधारक’ अशा अर्थाचा शब्द योजला. कारण न देता नोटीस देण्याचा मार्ग मात्र तेथे ठेवला, पण तिची मुदत सहा महिने केली. इंग्लंडमध्ये कलम २१ रद्द करण्याची घोषणा एप्रिल २०१९ मध्ये झाली. २०२३ साली त्यासाठी मांडलेले विधेयक २०२४ च्या निवडणुकीपूर्वी संसद विसर्जित झाल्याने बारगळले. नंतरच्या सरकारने नवे विधेयक आणले आणि २७ ऑक्टोबर २०२५ रोजी रेंटर्स राइट्स ॲक्टला राजसंमती मिळाली. या कायद्यानुसार १ मे २०२६ पासून खाजगी भाडेदारीत कलम २१ चा वापर बंद ठरतो आणि ठरावीक मुदतीचे करार संपून भाडेदारी आरंभापासूनच महिन्यामहिन्याची होते.

यात एक विलक्षण उलटापालट आहे. १९८८ च्या कायद्यात जी महिन्यामहिन्याची भाडेदारी सर्वांत असुरक्षित होती, तीच आता एकमेव आणि सुरक्षित भाडेदारी ठरते. मुदत होती तेव्हा मुदतीचा शेवटही होता, आणि त्या शेवटापाशी नूतनीकरणाचा एजंट उभा होता. शेवटच काढून घेतला म्हणजे नूतनीकरणाला विषयच उरत नाही. घरमालकाला ताबा हवा असेल तर कारण द्यावे लागते. घर विकावयाचे असल्यास अथवा स्वतः राहावयास यावयाचे असल्यास भाडेदारीच्या पहिल्या बारा महिन्यांत ताबा मागता येत नाही, आणि नोटीस चार महिन्यांची द्यावी लागते. भाडे वर्षातून एकदाच वाढविता येते आणि त्याविरुद्ध भाडेकरूला न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. नव्या सर्वसाधारण खाजगी करारात एका महिन्याहून अधिक भाडे आगाऊ मागण्यासही मनाई आहे. परदेशी विद्यार्थ्यांकडून सहा सहा महिन्यांचे भाडे आधीच मागण्याची जी प्रथा पडली होती, तिची झळ महाराष्ट्रातून जाणाऱ्या मुलामुलींना चांगलीच लागलेली आहे.

अर्थात, भीतीचे सर्व मार्ग यामुळे बंद होतात असे नाही. घर विकण्याचे कारण खोटेही असू शकते. म्हणून या कारणाने ताबा घेतल्यावर पुढील बारा महिने ते घर पुन्हा भाड्याने देण्यास कायद्याने बंदी केली आहे. भाडे न परवडणारे करून माणसाला स्वतःहून निघावयास लावता येते. म्हणून न्यायाधिकरणाची सोय आहे. या सोयी प्रत्यक्षात किती उपयोगी पडतात, हे न्यायालयांच्या वेगावर आणि भाडेकरूंच्या धैर्यावर अवलंबून राहील.

६

आपल्या वाचकांच्या मनात एव्हाना मुंबईची आठवण जागी झाली असेल. ती अस्थानी नाही, कारण या दोन ठिकाणांच्या भाडेकायद्यांचा इतिहास एकाच प्रसंगातून निघालेला आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात १९१५ साली ग्लासगोमध्ये मेरी बार्बर यांच्यासारख्या स्त्रियांच्या पुढाकाराने भाडेवाढीविरुद्ध मोठा लढा झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश संसदेने भाडे गोठविणारा कायदा केला. मुंबईत १९१८ साली जो भाडेकायदा झाला, त्याच्या नावातही ‘वॉर रिस्ट्रिक्शन्स’ हेच शब्द होते. पुढे १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने अनेक जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले, आणि भाडेपट्टा देण्यासाठी वा त्याच्या नूतनीकरणासाठी मालकाने पागडी घेणे हा गुन्हा ठरविला.

या कायद्याचा एक परिणाम मराठी साहित्यावरही झाला आहे आणि त्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकातील बिऱ्हाडे लेखामागून लेखात तीच राहतात. त्यांची भांडणे, लग्ने, मंडळे आणि उपोषणे एकमेकांच्या स्मृतीत साठत जातात. दर बारा महिन्यांनी बिऱ्हाड बदलणाऱ्या माणसांचा असा विनोद होऊ शकत नाही, कारण त्यांना एकमेकांची सवय होण्यास वेळच मिळत नाही. चाळीतील समूहजीवनाचे श्रेय आपण मराठी माणसाच्या स्वभावाला देतो. त्यातील काही वाटा, घरमालकाला सहजासहजी घर खाली करून घेता येत नव्हते, या रूक्ष कायदेशीर वस्तुस्थितीला दिला पाहिजे.

ती वस्तुस्थिती आज नव्या घरांच्या बाबतीत उरलेली नाही. ‘लीव्ह अँड लायसन्स’ पद्धतीत घरात राहणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नसतोच. तो परवानाधारक असतो. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २४ प्रमाणे परवान्याची मुदत संपताच मालकाला ताबा मिळू शकतो. याच अधिनियमाने भाडेपट्ट्याच्या वा त्याच्या नूतनीकरणाच्या वेळी अधिमूल्य घेणे मालकाला कायदेशीर करून दिले. म्हणजे १९४७ मध्ये मुंबईने जे निषिद्ध मानले होते ते आपण पुढे मोकळे केले, आणि नूतनीकरणाचे जे शुल्क इंग्लंडने दीर्घकाळ मोकळे ठेवले होते ते त्याने २०१९ मध्ये निषिद्ध केले. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या आणि दर नूतनीकरणाला दलालाच्या हातावर पैसे ठेवणाऱ्या पुण्यामुंबईच्या तरुण कुटुंबाला, सल्लाकेंद्रातील त्या बाईंसारखी तिसरी चौकट दाखविणारे कुणी नाही, कारण आपल्याकडे परवानाधारकासाठी ती चौकट कायद्यातच नाही.

आमच्या त्या विटांच्या घराची हकीगत पुरी केली पाहिजे. सव्वाशे पौंडांनी आम्हांला बारा महिने मिळाले. त्या बारा महिन्यांत मुलगी जन्मली आणि माझी प्रबंधाची तीन प्रकरणे लिहून झाली. मुदत संपण्याच्या सुमारास पुन्हा एक लिफाफा आला. या वेळी त्यात चौकटी नव्हत्या. मालकाला घर विकावयाचे होते आणि दोन महिन्यांत ते खाली करून हवे होते. आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन ते कुटुंब दुसऱ्या गावी गेले, मी एका खोलीत राहावयास गेलो, आणि पुस्तकांची चार खोकी एका मित्राच्या तळघरात ठेवावी लागली. आम्ही घराचे नूतनीकरण विकत घेतले असे आम्हांला वाटले होते. वस्तुतः आम्ही नोटीस एक वर्षाने पुढे ढकलली होती, आणि एजंटच्या पत्रातील त्या शब्दाचा अर्थ पहिल्यापासून एवढाच होता.